शिंकेनंतरचं वाक्य

आम्हाला दुसरं मूल होणार, असं मंगळवारी सकाळी स्पीकरवरून जाहीर झालं. भिंतीवरच्या पडद्यावर जिराफाचं चित्र लागलं, म्हणजे आमचं. स्पीकरमधून तान्ह्या बाळाचं रडणं आलं आणि वेटिंगरूममधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने मला मिठी मारली, मी त्याला मारली, मग पाणघोड्यालाही मारली, कारण तो टाळ्या वाजवत वाजवत मध्येच येऊन उभा राहिला होता.

आता हे काही घडलंच नाही असं समजा. हे मी मनाचं सांगत नाही, आम्हालाही तसंच सांगण्यात आलं. डॉक्टरमॅडम स्वतः बाहेर आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मघाशी वाजलं ते वाजलं नाही असं धरा हं." आम्ही समंजस माणसं आहोत. धरलं.

तर, पहिल्यापासून.

मी बसडेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसते. लोक बसमध्ये काय विसरतील याला धरबंध नाही. छत्र्या, डबे, कवळ्या, लग्नाचे अल्बम. एकदा एक कुबडी आली होती. म्हणजे कुणीतरी लंगडत बसमध्ये चढलं आणि टुणटुणीत होऊन उतरलं. आमच्या खिडकीचा नियम एकच: वर्णन जुळल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. वस्तू समोर दिसत असली, माणूस रडत असला, तरी आधी वर्णन. "काळी छत्री" म्हटलं की मी सांगते, मागे बघा, काळोख आहे तो सगळा छत्र्यांचा आहे. दांडा कसला, काडी कुठली मोडकी, ते सांगा. सहा महिन्यांत कुणी नीट वर्णन सांगायला आलं नाही, तर वस्तू लिलावात जाते.

नवरा ध्वनिमुद्रक आहे. मित्र त्याला माइक म्हणतात. जाहिरातीत कप बशीवर ठेवल्याचा जो आवाज येतो, तो कपाचा नसतो, माझ्या नवऱ्याचा असतो. दरवाजे, पावलं, चादर झटकणं, सगळं त्याच्याकडे साठवलेलं आहे. एवढंच काय, रिकाम्या खोल्यांची शांतताही तो मुद्रित करून ठेवतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. लग्नानंतर पहिल्या भांडणात मी अबोला धरला, तर हा बोटाने खूण करून म्हणाला, "अजून अर्धा मिनिट गप्प राहा, छान येतंय."

आणि आमची मुलगी शिंकू. हे तिचं पाळण्यातलं नाव नाही, पण ते आता शाळेलाही आठवत नाही. ती रडायच्या आधी शिंकते. नेहमी. गुडघा फुटो, पेन्सिल मोडो, आधी एक शिंक, मग भोकाड. आम्हाला तेवढी आगाऊ सूचना मिळते आणि आम्ही धावतो. ही सवय तिला जन्मापासून आहे. अक्षरशः जन्मापासून, कारण जगात आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे शिंकली.

त्या दिवशी बाळंतपणाच्या खोलीत माइक आपलं यंत्र घेऊन उभा होता. सिस्टर त्याच्यावर दोनदा खेकसली. मग शिंकू आली, शिंकली, रडली. सिस्टरच्या हातून ट्रे पडला. आणि मग मी काहीतरी म्हणाले. मी म्हणाले आणि अख्खी खोली हसली. डॉक्टर हसले, ती खाष्ट सिस्टर हसली, भूल देणारा गृहस्थ तर खुर्ची धरून हसला.

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही.

लहानपणापासून मला सगळे सांगत आले की तू भलत्या वेळी विनोद करतेस. आजोबांच्या दहाव्याला केलेला एक अजूनही नातेवाइकांत काढला जातो. आयुष्यात एकदाच मी बरोबर वेळी, बरोबर जागी, बरोबर माणसांपुढे काहीतरी बोलले आणि तेव्हा मी स्वतःच्या जवळपासही नव्हते. नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "होतं खरं काहीतरी. मजेदार होतं." नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मी काटा बघत होतो. आवाज फाटू नये म्हणून."

"पण रेकॉर्ड झालंय ना?"

"झालंय की. लख्ख झालंय."

"मग लाव."

तेव्हा त्याने ती सूचना केली. तोंडात साखर ठेवून केली, म्हणून मला पटली. "आत्ता ऐकून संपवू नको," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी पण मी रेकॉर्ड करणार. मग दोघांचं एकापाठोपाठ ऐकू. तुझी दोन वाक्यं. दोन बाळं. वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न."

आम्ही हातावर हात मारला. दुसरं होईपर्यंत ऐकायचं नाही.

शिंकू आता पहिलीत आहे.

पहिल्या वेळी आम्हाला काहीच करावं लागलं नव्हतं. म्हणजे जे करावं लागतं ते केलं, पण ठरवून असं काही नाही. "मूल हवं का" यावर आमची चर्चा चालू असतानाच ते पोटात होतं आणि बहुधा ऐकत होतं. त्यामुळे दुसऱ्याच्या वेळी आम्ही फारच ऐटीत होतो. मी तर बाळंतपणाच्या रजेच्या तारखाही मनात लावून ठेवल्या होत्या. त्या तारखा आल्या, गेल्या. मग पुढच्या लावल्या. मग तपासण्या. रिपोर्ट एकापेक्षा एक सरस. माझे उत्तम, त्याचे उत्तम. डॉक्टरमॅडम म्हणाल्या, "कारण सापडत नाही." मी म्हटलं, "आमच्याकडे असं म्हणायच्या आधी शोधतात." त्या हसल्या नाहीत.

माझं शरीर हे काम एकदा करून बसलं होतं. त्याला ते येत होतं. आणि आता ते असं वागत होतं की जणू ही बाई कोण, आपली ओळख नाही. अनोळखी माणसाने फसवलं तर पोलिसात जाता येतं. इथे मी रोज त्याला आंघोळ घालत होते.

आणि या दुखण्याला कुणी दुखणं मानायला तयार नाही. सासूबाई म्हणतात, "एक आहे ना पदरात? कितीतरी जणांना तेही नसतं." बरोबर आहे. त्याच सासूबाई शिंकूला मांडीवर घेऊन म्हणतात, "एकटी पडेल गं माझी बाय." हेही बरोबर आहे. माझं म्हणणं इतकंच की दोन्ही एकाच जेवणात नको. एक वाक्य आमटीबरोबर, दुसरं उद्या.

क्लिनिकमध्ये वेगळीच गंमत. तिथे गुप्ततेसाठी कुणाचं नाव पुकारत नाहीत, प्रत्येक जोडप्याला एक प्राणी दिलेला असतो. फायलीवर चित्र, पडद्यावर चित्र. "जिराफ, आत या." "पाणघोडा, रक्त द्यायला." पाणघोडा हा काडीसारखा गृहस्थ आहे, त्याची बायको त्याहून बारीक. आमच्या शेजारी नेहमी पेंग्विन बसतात. ती बँकेत आहे, तो काय करतो ते त्यालाही सांगता येत नाही. पहिल्या दिवशी पेंग्विनबाईशी माझं छान जमलं. सुया कुठे टोचतात, कुणाचा हात हलका, सगळं बोलून झालं. मग माझा फोन वाजला आणि तिला पडद्यावर शिंकूचा फोटो दिसला, दात पडलेला.

"ही कोण?"

"मुलगी."

"तुमची?"

"हो. पण लहान आहे अजून," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. जणू लहान असली तर अर्धीच मोजतात.

पेंग्विनबाईंनी काही वाईट म्हटलं नाही. आमच्या मधल्या खुर्चीवर फक्त पर्स ठेवली. मला कळलं. भरपेट जेवून उठलेल्या बाईने पुन्हा पंगतीत येऊन बसावं, तशी मी तिथे बसले होते. त्या दिवसापासून क्लिनिकला जाताना मी फोनवरचा शिंकूचा फोटो काढून डेपोतल्या एका बसचा लावायचे. संध्याकाळी पुन्हा शिंकू. एकदा परत लावायला विसरले. शिंकूने फोन बघितला आणि विचारलं, "आई, ही बस तुला माझ्यापेक्षा आवडते?" मी म्हटलं, "छे, ही रोज उशिरा येते." ती हसली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

आता स्पीकरचं. पूर्वी कुणाचा रिपोर्ट चांगला आला की काउंटरवर एक पितळी घंटी वाजवायचे. टिंग. टाळ्या. त्या आवाजाने बाकीच्यांना धीर येतो, अशी मॅडमची समजूत. मग मला मध्ये दोन-तीन महिने विश्रांती दिली, तेवढ्यात ती घंटी गेली आणि स्पीकर आला. पडद्यावर प्राणी, स्पीकरवर बाळ. मला हे मंगळवारी पहिल्यांदाच दिसलं.

मंगळवारी दोघांचे रिपोर्ट होते, आमचे आणि पेंग्विनांचे. काउंटरवरची मुलगी गेली काही वर्षं आम्हाला बघते आहे. माझी शीर तिला तोंडपाठ आहे. आतून तिला फोन आला, "लाव, पॉझिटिव्ह आहे." कुणाचा, हे मॅडमनी सांगितलं होतं. पण तिने ते ऐकून घेतलं नाही. तिने आमच्याकडे बघितलं आणि जिराफाचं बटण दाबलं.

नंतर ती हुंदके देत मला म्हणाली, "ताई, मला वाटलं तुमचंच असणार. किती दिवस मी म्हणते, आता जिराफाचं, आता जिराफाचं."

तिला काय बोलणार? तिच्याइतकी आमच्यावर श्रद्धा आमच्या रिपोर्टचीही नव्हती.

तर मॅडम बाहेर आल्या, ते "धरा हं" झालं. लोकांनी टाळ्या परत घेतल्या, म्हणजे हात खिशात घातले. पाणघोडा माझ्यापासून सरकून बसला, मिठी परत मागतो की काय असं मला वाटलं. आणि मग नियमाप्रमाणे पडद्यावर पेंग्विन लागला आणि स्पीकर पुन्हा वाजला.

पहिल्या वेळी मी काही ऐकलंच नव्हतं. आनंदात माणसाला फक्त मोठा आवाज ऐकू येतो, कसला ते नाही. दुसऱ्या वेळी मी खुर्चीत बसलेली होते, हात मांडीवर, पूर्ण मोकळी. आणि मी ऐकलं.

आधी एक शिंक. मग रडणं.

मी नवऱ्याकडे बघितलं. सगळे पेंग्विनांकडे बघून टाळ्या वाजवत होते. पेंग्विनबाई रडत होती, तिची पर्स खाली पडली होती. माझा नवराही टाळ्या वाजवत होता, पण त्याची नजर स्पीकरवर होती. आपण रांधलेलं पाहुण्यांना आवडलं का, हे बघणाऱ्या माणसाची नजर.

मीही टाळ्या वाजवल्या. हात रिकामेच होते.

जिन्यात मी त्याला गाठलं. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये भांडायला मजले पुरत नाहीत.

"ते शिंकूचं होतं."

"काय?"

"रडणं."

"अगं, लहान बाळं सगळी सारखीच रडतात."

"तू ध्वनिमुद्रक आहेस. हे वाक्य बाहेर बोललास तर तुझं दुकान बंद होईल."

तो पायरीवर बसला. खोटं बोलायचं म्हटलं की त्याला उभं राहावं लागतं, त्यामुळे बसला हे चांगलं लक्षण होतं.

"मी तपासणीला एकटा आलो होतो ना," तो म्हणाला, "तेव्हा मॅडमनी विचारलं. त्यांच्याकडे एक रडणं होतं, पण ते मांजरासारखं होतं. म्हणाल्या, तुम्ही आवाजातले, तुमच्याकडे एखादं चांगलं रडणं आहे का?"

"आणि तू म्हणालास, आहे."

"आहेच ना! त्याच्याइतकं चांगलं रडणं मी आजवर रेकॉर्ड केलेलं नाही." एवढ्यातही त्याचा आवाज अभिमानाने वर गेला. मग खाली आला. "मला वाटलं, एक दिवस आपल्यासाठी वाजेल. वाजेल तेव्हा आपलंच वाजावं."

"वाजलं की."

खालून कुणीतरी जिना चढून आलं, आमच्याकडे बघून उलट्या पावली लिफ्टने गेलं.

इथपर्यंत मी त्याला माफ करायच्या बेतात होते. खरंच. मूर्खपणा होता, पण आमच्या घरातला होता, ओळखीचा. आमच्या मुलीचं रडणं परक्या लोकांच्या आनंदाला वाजत होतं, ठीक आहे, तिला उद्या मोठेपणी सांगायला किस्सा. मग माझ्या डोक्यात उशिरा एक गोष्ट आली. उशिरा येणाऱ्या गोष्टींची मला सवय आहे.

"मी कुठे आहे त्याच्यात?"

"कुठे म्हणजे?"

"ती रडली, मग ट्रे पडला, मग मी बोलले. स्पीकरवर ट्रे नव्हता. मी पण नव्हते."

तो चपलेच्या पट्ट्याकडे बघायला लागला.

"साफ करावं लागलं," तो म्हणाला. "मॅडमना फक्त बाळ हवं होतं. म्हणून मग पंखा काढला. ट्रे काढला. आणि..."

"आणि मला काढलं."

"आमच्यात त्याला पार्श्वभूमी म्हणतात."

"मी पार्श्वभूमी? ते बाळ आलं कुठून? पंख्यातून?"

"हळू बोल ना."

"मूळ कुठे आहे?"

त्याने चपलेचा पट्टा सोडला, पुन्हा लावला.

"अरे, मूळ प्रत? तू कप ठेवल्याचे डझनभर आवाज जपून ठेवलेस. तुझ्याकडे आपल्या जुन्या स्वयंपाकघराची शांतता आहे!"

"त्याच्यावरच सेव्ह झालं," तो म्हणाला. "मॅडमचे फोन चालले होते, घाईत होतो, त्याच नावाने..."

मी पण बसले. एकाच पायरीवर दोघं मावत नव्हतो, म्हणून एक पायरी वर.

"बरं," मी म्हटलं. "गेलं तर गेलं. पण कापताना तू ऐकलं असशील. मी काय म्हणाले होते?"

आणि इथे माझ्या नवऱ्याने वर बघितलं. त्याचा चेहरा अगदी प्रामाणिक होता.

"नाही ऐकलं," तो म्हणाला. "आपलं ठरलं होतं ना, दुसरं होईपर्यंत ऐकायचं नाही. मी आवाज पूर्ण बंद ठेवून कापलं. पडद्यावर लाटा दिसतात, त्या बघून. शपथ. एक अक्षर ऐकलं नाही."

मी पुष्कळ नवरे बघितले आहेत. बसमध्ये बायकोलाच विसरून खिडकीवर चौकशीला आलेला एक बघितला आहे. पण दिलेला शब्द पाळता पाळता बायकोचा शब्द पुसून टाकणारा हा पहिलाच.

"तू शब्द पाळलास," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. आणि थोडा सावरून बसला. त्याला ते कौतुक वाटलं.

स्टुडिओ जवळच होता. मी म्हटलं, चल, जे उरलंय ते लाव. तो म्हणाला, पण आपलं ठरलं... मी त्याच्याकडे बघितलं. त्याने चाव्या काढल्या.

स्टुडिओची खोली गाद्यांनी मढवलेली आहे, आत बोललेलं कोपऱ्यात जाऊन मरतं. एका टेबलावर कप, विटा, जुनी कुलपं, रेती भरलेला पत्र्याचा डबा. म्हणजे घोडागाडी, भूकंप, तुरुंग आणि समुद्र. मी खुर्चीत बसले, त्याने माझ्या कानांवर हेडफोन ठेवले. दुसरा जोड स्वतः घातला. पडद्यावर लाटांची एक पट्टी आली. सुरुवातीला एक टोक, ती शिंक. मग डोंगरच डोंगर, ते रडणं. मध्ये एक सपाट तुकडा.

"इथे?" मी बोट ठेवलं.

"इथे ट्रे. आणि इथे तू."

मी होते तिथे त्याने शांतता भरली होती. बरी, चांगल्या प्रतीची शांतता.

"ही कुठल्या खोलीची?"

"आपल्या बेडरूमची," तो म्हणाला. "त्यातल्या त्यात जवळची वाटली."

त्याने लावलं. शिंक. रडणं. मग आमची बेडरूम. आणि मग, अगदी खाली, रडणं पुन्हा चढतं तिथे, काहीतरी खळखळलं.

"थांब. ते काय आहे?"

"ते निघेना," तो म्हणाला. "ते रडण्याच्या आतच आहे. काढलं तर रडणं पण जातं. मी वाढवून बघू?"

त्याने वाढवलं. माणसं हसत होती. डॉक्टर हसत होते. सिस्टर. खुर्ची धरणाऱ्या त्या गृहस्थाच्या खुर्चीचा पाय सुद्धा करकरला. आणि सगळ्यात जवळून, यंत्राच्या अगदी शेजारून, एक जण श्वास लागेपर्यंत हसत होता. तो माझा नवरा. सहा वर्षं लहान, निर्धास्त.

सगळे हसत होते आणि कशाला हसत होते ते तिथे नव्हतं.

आम्ही पुन्हा लावलं. शिंक, रडणं, बेडरूम, हसणं. पुन्हा. माझं वाक्य त्या शांततेत कुठेतरी बसलेलं असणार, असं वाटून मी कान देत होते. तिकडे नवऱ्याला आपलंच हसणं ऐकून पहिल्यांदा रडू आलं. त्याने हेडफोन काढले, तोंड फिरवलं.

"मी हसलो होतो गं," तो म्हणाला. "म्हणजे ऐकलं होतं तर. तेव्हा ऐकलं होतं मी."

"आठव मग."

त्याने डोळे मिटले. खूप वेळ मिटले. कपाळावरची शीर उभी राहिली.

"'अगं बाई' असं काहीतरी होतं," तो शेवटी म्हणाला.

"मी जन्मात 'अगं बाई' म्हणत नाही."

"मग नसेल."

मी त्याला विचारलं, दुसरं होणार नाही असं तुला वाटतं का? सरळ सांग. आवाज साफ न करता. तो बराच वेळ त्या रेतीच्या डब्याशी खेळत राहिला. समुद्र आला, गेला. मग म्हणाला, "दिलं तेव्हा वाटायला लागलं होतं. म्हणूनच दिलं असेन. घरात नुसतं पडून होतं. कुणाच्यातरी उपयोगी पडू दे म्हटलं."

म्हणजे तो आधीच थांबला होता. मला न सांगता. मी सुया टोचून घेत होते, तारखा लावत होते, फोनवर बस लावत होते, आणि हा आतल्या आत दुकान बंद करून माल वाटत सुटला होता. बाकी सगळं मला सोसलं असतं. पण ज्या गाडीत आम्ही दोघं बसलो होतो, त्यातून तो मधल्याच थांब्यावर उतरला होता आणि मी खिडकीशी बसून त्याच्याशी बोलत होते.

घरी आलो तर शिंकू दारातच. सासूबाई तिच्या मागे.

"बाळ आलं का?"

"आलं होतं," मी म्हटलं. "चुकून. दुसऱ्याचं होतं. त्यांना देऊन टाकलं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात प्रथमच दोन्हींपैकी एकही वाक्य बोलल्या नाहीत. आत जाऊन कुकर लावला.

शिंकू विचार करत उभी राहिली. "त्यांनी वर्णन सांगितलं का पण?" तिने विचारलं. खिडकीवर सुट्टीत येऊन बसते ना.

"हो. बरोबर सांगितलं."

"मग द्यायलाच लागतं," ती म्हणाली, आणि तिला शिंक आली. आम्ही दोघं एकदम धावलो. पण ती रडली नाही. नुसतीच शिंक होती.

नवरा त्या दिवसापासून रोज मला एक वाक्य विचारतो. "'आली का, बस' असं होतं का?" "'बिल कोण देणार' असं?" त्यातलं एखादं खरंच बरं असतं. पण मी मान हलवते. वर्णन जुळत नाही. मॅडमना त्याने फोन केला, तो आवाज काढून टाका म्हणाला. त्या म्हणाल्या, "अहो, लोकांना फार आवडतो. त्यात कसा आनंद आहे बघा! ऐकलं की हसूच येतं." आमच्या चुकीच्या घोषणेबद्दल त्यांनी एक मोफत तपासणी देऊ केली. ती मी घेणार आहे. एकटी जाणार आहे, मी अजून उतरलेले नाही.

काल मी खिडकीवर स्वतःच्या वस्तूची नोंद करायला बसले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर छत्र्यांचे काका असतात, निवृत्तीला आलेले. छत्र्या सोडून कशात लक्ष घालत नाहीत. पण माझा अर्ज त्यांनीच लिहून घ्यायचा, असा नियम. आपला अर्ज आपल्यालाच घेता येत नाही.

"वस्तू?"

"वाक्य. एक."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बसमध्ये?"

"बसमध्ये नाही. आवाजात."

"आमच्या हद्दीत येत नाही. बरं, लिहितो. वर्णन?"

"बहुधा विनोदी."

"लांबी?"

"ट्रे पडल्यापासून लोक हसेपर्यंत."

"ओळखीची खूण काही?"

"मागून हसणं येतं. हसणं माझ्याकडे आहे."

"म्हणजे झाकण आहे, डबा नाही," काका म्हणाले. हे त्यांनी फार गंभीरपणे म्हटलं. मग पेन खाली ठेवलं. "पोरी, एवढ्या वर्णनावर तू कुणाला छत्री तरी दिली असतीस का?"

"नाही," मी म्हटलं. "हाकलून दिलं असतं."

"आणि निर्णय कोण देणार यावर?"

निर्णय मीच देते. माझी सही लागते.

काका उठून चहाला गेले. खाली विनंतीची जागा मोकळी होती, ती मी माझ्या हाताने भरली:

'सबब विनंती की, अर्जदाराने आपल्या पहिल्या मुलीच्या जन्मसमयी, शिंकेनंतर व हशापूर्वी, उच्चारलेले एक वाक्य आढळल्यास ते वर्णनाचा आग्रह न धरता मूळ जागी परत बसवून मिळावे. त्या जागी भरलेली बेडरूमची शांतता संबंधित पतीस परत करण्यात यावी. आणि सदर वाक्य अर्जदारास दुसरे मूल होईपर्यंत, सहा महिन्यांची मुदत विचारात न घेता, या कार्यालयात राखून ठेवावे व कोणत्याही परिस्थितीत लिलावात काढू नये.'